कागदावरची अट आणि न्हावा-शेवा बंदर

उरणचे न्हावा-शेवा बंदर उभे राहत होते, तेव्हा त्याच्या अध्यक्षपदी एक बाई होत्या: अ‍ॅना राजम मल्होत्रा.

त्यांचा जन्म १९२७ सालचा, केरळातला. १९५१ साली त्या आयएएस झाल्या, देशातल्या पहिल्या महिला. मुलाखत घेणाऱ्यांनी सुचवले होते, बाईमाणसाला परराष्ट्र सेवा बरी. त्या हटल्या नाहीत. मग नेमणुकीच्या कागदात अट आली: लग्न केले तर नोकरी संपेल. नवऱ्यामुलाच्या नोकरीला अशी अट कुणी घातल्याचे आम्ही तरी ऐकलेले नाही!

मद्रासचे मुख्यमंत्री राजगोपालाचारी त्यांना जिल्ह्यात पाठवायला तयार नव्हते, सचिवालयातली खुर्ची देत होते. पण राजमबाई घोडा चालवायला, बंदूक धरायला शिकलेल्या. त्यांनी हट्ट धरला आणि होसूरला सब-कलेक्टर म्हणून गेल्या. पुढे लग्नाची अट गेली आणि त्यांचे लग्नही झाले.

२६ मे १९८९ रोजी बंदर सुरू झाले. आज देशाचा कितीतरी कंटेनरमाल तिथून ये-जा करतो. त्याच उरण भागात १९८४ साली जमिनीच्या मोबदल्यासाठी आंदोलन झाले, गोळीबारात पाच जण गेले. बंदराची गोष्ट सांगताना आम्ही त्यांचीही सांगतो.