हँडलवरचा साक्षीदार

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

‘साक्षी’ हा शब्द मराठीत संस्कृतातून आला. ज्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, तो साक्षी. आमच्या घरात याच अर्थाचा उर्दू शब्द होता, ‘शाहिद’. हा शब्द मूळचा अरबी, आणि ‘शहीद’ हा शब्दही त्याच धातूपासून निघालेला. एक जण जिवंतपणी साक्ष देतो, दुसऱ्याचे मरण हीच त्याची साक्ष होते. शब्दांची अशी नाती शोधत बसणे हा कवीचा जुना नाद. परंतु आज या दोन सख्ख्या शब्दांची आठवण झाली ती सायकलीमुळे.

धाराशिवहून तुळजापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर हल्ली पहाटे सायकलस्वार दिसतात. कुणी डॉक्टर, कुणी शिक्षक, कुणी नुकताच निवृत्त झालेला. डोक्याला हेल्मेट, आणि त्या हेल्मेटवर किंवा हँडलवर काडेपेटीएवढा कॅमेरा. बघणाऱ्याला वाटते, ही हौस आहे. थोडी हौस आहेच. पण सायकल आणि कॅमेरा यांची सोयरीक आजची नाही. ती सव्वाशे वर्षांहून जुनी आहे, आणि तिच्या मुळाशी एक गंभीर प्रश्न आहे : रस्त्यावर जे घडले ते कोणी सांगायचे, आणि कोणाचे सांगणे खरे मानायचे?

१८८८ हे साल ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षी जॉन बॉइड डनलॉप यांनी हवेच्या टायरचे पेटंट घेतले आणि त्याच वर्षी अमेरिकेत जॉर्ज ईस्टमन यांनी कोडॅक कॅमेरा बाजारात आणला. एकाने सायकलीचे हादरे कमी केले, दुसऱ्याने काचेच्या जड प्लेटांऐवजी फिल्मची गुंडाळी आणून कॅमेऱ्याचे ओझे कमी केले. दोन्ही वस्तू घोडागाडी न परवडणाऱ्या माणसाच्या आवाक्यात येऊ लागल्या. लवकरच ‘बायसिकल कोडॅक’ अशा नावाने जाहिराती झळकू लागल्या. ॲलन आणि साख्टलेबेन हे दोन तरुण अमेरिकन पदवीधर कोडॅक घेऊन इस्तंबूलहून सायकलींवर निघाले आणि १८९२ मध्ये पेकिंगला पोहोचले.

त्याच १८९२ मध्ये पिट्सबर्गचा फ्रँक लेंझ एकटाच जगप्रवासाला निघाला. पेशाने तो हिशेबनीस. पाठीवर कॅमेरा बांधून त्याने अमेरिका, जपान, चीन, ब्रह्मदेश ओलांडला आणि तो हिंदुस्थानातूनही गेला. वाटेतून तो ‘आउटिंग’ नावाच्या मासिकाला लेख आणि छायाचित्रे पाठवीत असे. १८९४ मध्ये तुर्कस्तानात एर्झुरूमच्या अलीकडे तो नाहीसा झाला. त्याचा शोध घ्यायला पुढच्या वर्षी साख्टलेबेन तिकडे गेला. लेंझचा खून झाला असे निष्पन्न झाले, पण देह मिळाला नाही. लेंझने आधीच रवाना केलेली छायाचित्रे तेवढी राहिली. कॅमेरा माणसाला वाचवीत नाही. त्याने पाहिलेले वाचवतो, आणि तेही दुसऱ्या सुरक्षित हाती पोहोचले तरच. हँडलवर कॅमेरा लावणाऱ्या आजच्या माणसालाही ही गोष्ट उपयोगी आहे.

आपल्या देशात सायकल आणि कॅमेरा एकत्र फिरवणारे सुरुवातीचे प्रवासी परदेशीच होते. फॅनी बुलक वर्कमन आणि त्यांचे पती विल्यम यांनी १८९७ च्या अखेरीपासून सायकलींवरून हिंदुस्थान पालथा घातला. त्यांचे पुस्तक १९०४ मध्ये निघाले. त्यात देवळांची आणि लेण्यांची छायाचित्रे आहेत. रस्त्याने भेटणारी इथली माणसे त्या चित्रांत दिसतात ती पाहुण्याच्या नजरेतून.

आपला जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. त्या राज्यात कॅमेरा आला तो दरबाराच्या दारातून. लाला दीनदयाळ हे सहाव्या निजामाचे छायाचित्रकार. त्यांना ‘राजा मुसव्विर जंग’ असा किताब मिळाला. ‘मुसव्विर’ म्हणजे रूप घडवणारा, चित्र काढणारा. आपण मराठीत ‘तसबीर’ म्हणतो तो शब्दही त्याच कुळातला. अल्लाच्या नव्व्याण्णव नावांपैकी एक नाव ‘अल् मुसव्विर’ असे आहे, आणि म्हणूनच आमच्या घरातली वडीलधारी मंडळी फोटो काढून घ्यायला नाखूश असत. रूप घडवणे हे माणसाचे काम नव्हे, अशी त्यांची भावना. हजला जायचे ठरले आणि पासपोर्टसाठी फोटो लागला, तेव्हा मात्र ते निमूटपणे फोटोवाल्यासमोर बसले. कागदावर ओळख पटवायची तर कॅमेऱ्याला शरण जावे लागते, हे त्यांनी ओळखले.

दीनदयाळांनी हैदराबादेत १८९२ मध्ये एक जनाना स्टुडिओही काढला होता. पडद्यातल्या स्त्रियांची छायाचित्रे तिथे घेतली जात आणि कॅमेऱ्यामागे केनी-लेव्हिक नावाच्या एक इंग्रज बाई असत. कॅमेऱ्यासमोर कोण आहे याइतकेच कॅमेऱ्यामागे कोण आहे हेही महत्त्वाचे असते, ही जाण तेव्हाच्या लोकांना होती. आपण ती विसरलो. एरवी सर्वसामान्य माणूस कॅमेऱ्यासमोरच राहिला, तोही साहेबाने किंवा सरकारने उभे केले तर.

मुंबईच्या सहा पारशी तरुणांनी या गोष्टीला थोडा छेद दिला. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी ते सायकलींवरून जग फिरायला निघाले. त्यांतले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे ४४ हजार मैलांची प्रदक्षिणा पुरी करून मार्च १९२८ मध्ये मुंबईला परतले. १९३१ मध्ये त्यांचे पुस्तक आले. आता सांगणारा आपल्यातला होता. तरीही त्या काळात सायकलस्वाराचा फोटो म्हणजे सायकल थांबवून, तिच्या दांडीवर हात ठेवून उभे राहणे. पायडल मारताना त्याला समोर काय दिसते, हे काही फोटोत येत नसे.

ते यायला १९८७ साल उजाडावे लागले. अमेरिकेत मार्क शुल्झ नावाच्या चित्रफीतकाराने हेल्मेटला व्हिडिओ कॅमेरा जोडला, वायर पाठीवरच्या पिशवीतल्या व्हीसीआरला लावली आणि डोंगरातल्या सायकलींची चित्रफीत केली. रिळे फिरवणारे ते यंत्र पाठीवर घेऊन उतारावरून जायचे म्हणजे धाडसच. पुढे २००४ मध्ये गोप्रोचा मनगटावर बांधायचा छोटा कॅमेरा आला. तो फिल्मचा होता, नंतर डिजिटल झाला. इतक्या वर्षांच्या प्रवासानंतर सायकलवाल्याची नजर नोंदवली जाऊ लागली.

आता आपल्या रस्त्यावर येऊ. माझ्या लहानपणी सायकल तासावर मिळायची. दिवा नाही म्हणून, डबलसीट आहे म्हणून पोलीस अडवायचे आणि चाकातली हवा सोडून द्यायचे. रस्त्यावरचा पहिला आरोपी सायकलवाला. आज हवा कोणी सोडत नाही, पण रस्त्यावरचे त्याचे स्थान तेच आहे. साखर कारखाने सुरू झाले की दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर अंधारात मागचा दिवा नसताना चालतात. नळदुर्ग-उमरग्यावरून हैदराबादकडे जाणारा महामार्ग रुंद झाला आणि वाहने वाऱ्यासारखी धावू लागली. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात ४,८३६ सायकलस्वार रस्त्यावर मेले. त्याच वर्षी धडक देऊन वाहन पळून गेल्याने मेलेली माणसे ३०,४८६. त्यांतल्या कितीतरी जणांना कोणी साक्षीदार नव्हता. ‘अज्ञात वाहन’ हे दोन शब्द पंचनाम्यात येतात आणि पुष्कळदा तपास तिथेच थांबतो. मृताच्या वारसांना सरकारी योजनेतून दोन लाख रुपये मिळू शकतात. २०२२ च्या एप्रिलपूर्वी ही रक्कम पंचवीस हजार होती. पैसे मिळतील, पण धडक कोणी दिली हे कळत नाही.

इथे हँडलवरचा कॅमेरा हौसेपुरता राहत नाही. गाडीचा क्रमांक, वेळ, वळण, ओव्हरटेक, सारे त्यात असते. ब्रिटनमध्ये वेल्सच्या पोलिसांनी २०१६ पासून सायकलस्वारांच्या आणि वाहनचालकांच्या चित्रफिती रीतसर स्वीकारून कारवाई सुरू केली. आपल्याकडे अशी चित्रफीत न्यायालयात टिकते का? याचे उत्तर मराठवाड्यातल्याच एका खटल्यात आहे, आणि तो खटला निवडणुकीचा आहे.

२०१४ मध्ये जालना विधानसभा मतदारसंघात उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत दाखल झाला की नंतर, असा वाद होता. निवडणूक कार्यालयातल्या व्हिडिओ कॅमेऱ्यांचे चित्रण पुरावा म्हणून पुढे आले. औरंगाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये ती निवड रद्द केली. खोतकर विरुद्ध गोरंट्याल या नावाने हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १४ जुलै २०२० रोजी निकाल लागला. न्यायालयाने सांगितले, की अशा चित्रणाची प्रत दाखल करायची तर कायद्याने ठरवलेले प्रमाणपत्र हवेच. मात्र ज्या यंत्रात मूळ चित्रण झाले ते यंत्रच त्याच्या मालकाने साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहून हजर केले, तर प्रमाणपत्राची गरज नाही. आणि अधिकाऱ्यांकडे वारंवार मागूनही प्रमाणपत्र मिळाले नाही, तर मागणाऱ्यावर त्याचे खापर फोडता येणार नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्येही प्रमाणपत्र आहे. त्याचे दोन भाग असतात : एक चित्रण सादर करणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. त्यात फाइलचा ‘हॅश’, म्हणजे आकड्यांचा ठसा, नोंदवावा लागतो. चित्रणात जरासा फेरफार केला तरी हा ठसा बदलतो.

तेव्हा कॅमेरा लावणाऱ्यांना माझे सांगणे इतकेच. त्यातले घड्याळ बरोबर लावून ठेवा. अपघात टिपला गेला तर ते कार्ड काढून जपून ठेवा, त्यावर पुन्हा चित्रण करू नका. गाणे लावून, कापून-जोडून मोबाइलवर फिरवू नका, जशीच्या तशी प्रत पोलिसांना द्या. हेही लक्षात असू द्या, की तुमच्या हँडलवरचा डोळा वाटेतली घरे, अंगणातल्या बायका, नवरात्रात तुळजापूरला अनवाणी चाललेले भाविक हेही टिपत असतो. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले आहे. साक्ष देणे वेगळे आणि पाळत ठेवणे वेगळे.

एक गोष्ट मात्र मनाला टोचते. ज्याला कॅमेऱ्याची सर्वांत जास्त गरज आहे, त्याच्याकडे तो नाही. भल्या पहाटे दूध घालणारा, वीटभट्टीवर जाणारा मजूर, मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलीवर शाळेला जाणारी आठवीतली मुलगी, यांच्या हँडलला डब्याची पिशवी असते. त्यांच्या बाजूने बोलायला काडेपेटीएवढे यंत्र येणार नाही. तिथे साक्षी व्हायचे काम आपल्याकडेच येते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याने अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. त्याच्यावर नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही. तरी पुढे होऊन नाव सांगणारा एक माणूस मिळाला, तर पंचनाम्यातले ‘अज्ञात वाहन’ ज्ञात होऊ शकते. रस्त्याच्या कडेला आडवी पडलेली सायकल दिसली, तर थांबा. आधी माणसाला दवाखान्यात न्या, मग आपण काय पाहिले ते सांगा.