कॉर्स जाळे (भारत)

कॉर्स जाळे हे अचूक भूमापन व नकाशांकन यांसाठी भारतीय सर्वेक्षण विभागाने उभारलेले उपग्रहाधारित स्थाननिश्चितीचे जाळे आहे. 'कॉर्स' म्हणजे अखंड कार्यरत असणारी संदर्भ स्थानके. १७६७ साली स्थापन झालेल्या या विभागाचे मुख्यालय डेहराडून येथे आहे.

कार्यपद्धती

प्रत्येक स्थानकाचे अक्षांश, रेखांश व उंची आधीच अचूक ठाऊक असतात. उपग्रहांच्या संकेतांची त्यांच्याशी तुलना करून वातावरण, उपग्रहांची कक्षा व घड्याळे यांमुळे येणारी त्रुटी नियंत्रण केंद्रात काढली जाते. ही दुरुस्ती मोबाइल इंटरनेटद्वारे मोजणीदाराच्या 'रोव्हर' यंत्राला तत्काळ मिळते. त्यामुळे एरवी काही मीटर असणारी चूक काही सेंटिमीटरवर येते.

उपयोग

२४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनच्या छायाचित्रांना भूमीवरील अचूक स्थानांशी जोडण्यासाठी हे जाळे वापरले जाते. महाराष्ट्रात शेतजमिनीला सातबारा उतारा असला, तरी अनेक लहान गावांच्या गावठाणांची मोजणीच झालेली नव्हती. राहत्या घराच्या हद्दीला नकाशाचा आधार नसे. गावठाणाच्या ड्रोन मोजणीचा प्रारंभिक प्रयोग पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे झाला. मोजणी व चौकशीनंतर धारकास मिळकत पत्रिका मिळते.

मर्यादा

दाट झाडी व उंच इमारती यांमुळे उपग्रहांचे संकेत अडतात. मोबाइल संपर्क नसल्यास तत्काळ दुरुस्ती मिळत नाही. शिवाय यंत्र केवळ बिंदूचे स्थान दाखवते. हद्द कोणाची, हे जुने अभिलेख, प्रत्यक्ष वहिवाट आणि लगतधारकांचे म्हणणे पाहूनच ठरवावे लागते.