आकडा आणि आदर

वाचकहो, बेसबॉल आपल्या अंगणातला खेळ नव्हे. पण द्यूतापायी थोर माणसाचे काय होते, हे महाभारत ऐकत वाढलेल्यांना सांगायला नको.

अमेरिकेच्या पीट रोझचा मेजर लीगमधील ४,२५६ हिट्सचा विक्रम अजून अबाधित आहे. सिनसिनाटी रेड्सचा व्यवस्थापक असताना तो स्वतःच्या संघाच्या सामन्यांवर पैजा लावी. १९८९ मध्ये त्याच्यावर कायमची बंदी आली. १९९१ मध्ये कूपर्सटाउनच्या ‘हॉल ऑफ फेम’ने बंदी असलेल्यांना निवडणुकीचे दारही मिटले. रोझने गुन्हा कबूल केला तो २००४ मध्ये.

चाहते म्हणतात, तो आपला संघ जिंकेल यावरच पैज लावी. मग बिघडले कुठे? बिघडले असे की, पैसे लागलेल्या दिवशी व्यवस्थापक थकलेल्या पिचरलाही राबवू शकतो; आणि ज्या दिवशी तो पैज लावत नाही, त्या दिवशी सट्टेवाल्यांना न बोलता इशारा मिळतो. १९१९ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये शिकागोच्या खेळाडूंनी पैसे घेतल्याचे प्रकरण गाजले होते. बेसबॉलचा कडकपणा त्या जखमेतून आलेला आहे.

रोझ २०२४ मध्ये वारला. २०२५ मध्ये दिवंगतांवरील बंदी उठली. ते योग्यच झाले. गेलेला माणूस खेळ नासवू शकत नाही. परंतु शिक्षा संपणे वेगळे आणि गौरव मिळणे वेगळे. आकडा इतिहासाचा आहे, तो कुणी पुसू नये. आदर मात्र विश्वासाचा आहे. आणि तो विश्वास रोझने स्वतःच डावावर लावला होता.