विज्ञानकथेचे सोवळे

मराठी माणसाची चंद्रावरची पहिली सफर कोचीनमध्ये जन्मलेल्या एका मासिकातून निघाली. मासिकाचे नाव 'केरळकोकिळ', संपादक कृष्णाजी नारायण आठल्ये. पुस्तकांच्या खरपूस परीक्षणांसाठी हे गृहस्थ ओळखले जात. त्यांच्या तडाख्यातून फारसे कोणी सुटत नसे. 1900 साली त्यांनी ज्यूल व्हर्नच्या कादंबरीवरून 'चंद्रलोकची सफर' क्रमशः छापायला घेतली. फ्लोरिडात एक अगडबंब तोफ ओतायची, पोकळ गोळ्यात माणसे बसवायची आणि गोळा चंद्राच्या रोखाने डागायचा, असा सगळा मामला.

त्या वाचकाला हे पचले कसे? त्यात नवल काहीच नाही. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी 1861 पासून अरबी भाषेतल्या सुरस व चमत्कारिक गोष्टी मराठीत आणायला सुरुवात केली होती, आणि दोन पिढ्या त्यांवर पोसल्या होत्या. जिन आणि जादूचे दिवे ज्याच्या ओळखीचे, त्याने तोफेच्या गोळ्यालाही हसतमुखाने जागा करून दिली. हे शास्त्र आणि ते थोतांड, अशी वाटणी वाचकाच्या मनात तेव्हा झालेली नव्हती.

ती पुढे झाली. कोणी केली आणि कशासाठी, हा मराठी विज्ञानकथेच्या इतिहासातला खरा रंजक भाग आहे.

सुरुवातीची काही दशके अशीच तुरळक गेली. नाथमाधवांची 'श्रीनिवासराव', श्री. बा. रानडे यांची 'मनोरंजन' मासिकातली 'तारेचे हास्य' ही नावे अभ्यासक आवर्जून घेतात. सामान्य वाचकाच्या लक्षात ती राहिली, असे म्हणणे धाडसाचे होईल. खरी गर्दी जमली ती स्वातंत्र्यानंतर. भा. रा. भागवतांनी व्हर्नला अस्सल मराठी वळण दिले. 'फास्टर फेणे'च्या या जनकाचे वाचक बहुतेक शाळकरी, त्यामुळे समीक्षकांनी तिकडे पाहिलेच नाही. अनंत अंतरकरांचे 'नवल' हे मासिक तर नावालाच जागणारे. त्यात भुते असत, गूढ असे, परग्रहावरचे पाहुणेही असत. द. पां. खांबेटे यांच्यासारखे लेखक या साऱ्या वाड्यांतून आरामात फिरत. एका कथेत यंत्र, दुसरीत हडळ, लेखणी तीच.

नारायण धारप याच मोकळ्या हवेतले. रसायन तंत्रज्ञान शिकलेल्या या माणसाने शंभराच्या घरात पुस्तके लिहिली. 'समर्थ' नावाचा त्यांचा नायक अघोरी शक्तींशी झुंजतो, आणि त्याच लेखकाची 'नेनचिम' किंवा 'गोग्रॅमचा चितार' उघडली की आपण परग्रहांच्या हिशेबात जाऊन पडतो. पाश्चात्त्य कथांवरून त्यांनी पुष्कळ उचलले, हे खरेच. पण उचललेल्या गोष्टीला वाडा, माजघर, अंगणातला आड आणि घरातली म्हातारी द्यायला जी नजर लागते ती उसनी मिळत नाही. धारप वाचनालयातून फाटेपर्यंत वाचले गेले. वाङ्मयाच्या इतिहासात मात्र त्यांना उंबऱ्याबाहेरच बसवण्यात आले.

सोवळे सुरू झाले ते 1974 च्या आगेमागे. मराठी विज्ञान परिषद 1966 साली स्थापन झाली होती आणि विज्ञानकथांच्या स्पर्धा घेत होती. 1974 च्या स्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा पहिली आली. लेखकाचे नाव नारायण विनायक जगताप. पाकिटातून प्रत्यक्षात निघाले ख्यातनाम खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णू नारळीकर! आद्याक्षरे उलटी करून त्यांनी नाव बेतले होते, आणि परिषदेच्या लोकांना आपले अक्षर ओळखता येईल म्हणून कथा पत्नीकडून, मंगलाताईंकडून, लिहवून घेतली होती. नावाच्या वजनावर बक्षीस मिळू नये, इतकाच हेतू. पुढच्याच वर्षी कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवत यांनी या नव्या कथेची दखल घेतली, आणि विज्ञानकथेला एकदम मांडीला मांडी लावून बसण्याचा मान मिळाला.

मानाबरोबर नियमही आले. नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉइल स्वतः उत्तम विज्ञानकादंबरीकार. तोच आदर्श शिष्यापुढे होता. कथेचा पाया ज्ञात विज्ञानात हवा आणि विज्ञानाचा मुलामा दिलेल्या भयकथेला या नावाने खपवू नये, हा नारळीकरांचा आग्रह. बाळ फोंडके, निरंजन घाटे, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, अरुण मांडे या पिढीने दिवाळी अंक गाजवले. त्यांतले बरेच जण विज्ञान, अभियांत्रिकी किंवा वैद्यक शिकलेले. फायदा उघड होता. गोष्टीतले शास्त्र पक्के झाले. तोटा तितकाच उघड, पण कोणी मोठ्याने बोलत नसे: कथेच्या मध्यावर एखादे प्राध्यापक खुर्चीत सरसावून बसत आणि पुढची दोन पाने भाचा, पत्रकार किंवा पोलीस इन्स्पेक्टर 'म्हणजे नेमके काय, सर?' असे विचारण्यापुरता उरे.

गंमत अशी की, नारळीकरांची सर्वांत टिकलेली कथा या नियमांना जेमतेम जुमानते. 'गंगाधरपंतांचे पानिपत' मधला इतिहासकार अपघातानंतर अशा मुंबईत पोचतो, जिथे ईस्ट इंडिया कंपनी अजून नांदते आहे. तो टाऊन हॉलच्या ग्रंथालयात जातो, स्वतःच लिहिलेले इतिहासाचे खंड मागवतो आणि शेवटच्या खंडात त्याला दिसते की पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागलीच नाही; मराठे जिंकले. आझाद मैदानावरच्या सभेत अध्यक्षाची खुर्ची रिकामी पाहून हे गृहस्थ सवयीने मंचावर चढतात आणि श्रोत्यांकडून टोमॅटो-अंड्यांचा प्रसाद घेऊन उतरतात. शेवटी पुंजभौतिकीचे स्पष्टीकरण येते, पण कथा त्यावर उभी नाही. पानिपताची सल मराठी मनात दोनशे वर्षे मुरलेली आहे, तिच्यावर ती उभी आहे. या कथेचे इंग्रजी रूप पुढे एनसीईआरटीच्या अकरावीच्या पाठ्यपुस्तकात गेले.

दुसऱ्या बाजूला धारपांचे काय झाले? 2018 साली राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' हा चित्रपट आला. धारपांच्या 'आजी' या कथेचा धागा त्यात आहे आणि नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत' वरून घेतलेले. पाऊस, वाडा, लोभ, म्हातारी, सगळे मराठी मुलुखातले. फक्त भाषा हिंदी. 2024 मध्ये तो पुन्हा चित्रपटगृहांत लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला. ज्याला आपण वाचनालयाच्या मागच्या कपाटात ठेवले होते, त्याचा बाजार दुसऱ्या भाषेने मांडला.

नारळीकर 2021 च्या नाशिक संमेलनाचे अध्यक्ष झाले; प्रकृतीमुळे त्यांना प्रत्यक्ष येता आले नाही. मे 2025 मध्ये ते गेले. त्यांचा मान त्यांनी कमावलेला होता, त्याबद्दल वाद नाही. पण आज जे तरुण मराठीत परग्रह, भुते, कृत्रिम बुद्धिमत्ता आणि ग्रामदेवता एकाच कथेत आणू पाहतात, त्यांना 'ही विज्ञानकथा की अद्भुतकथा?' असे दरडावणे आता थांबवले पाहिजे. आणि वाचकांना एक विनंती: नारळीकरांची 'यक्षांची देणगी' आणि धारपांची 'नेनचिम' एकापाठोपाठ वाचा. दुसरे पुस्तक मिळवायला जरा शोधाशोध करावी लागेल, तेवढी करा.