फिरत्या फोनचा कायमचा पत्ता

बुलडाणा जिल्ह्यातील वडनेर भोलजी येथील विद्यार्थ्याने शेजारच्या गल्लीतील मित्राला मोबाईलवरून चित्र पाठवले, तर ते गावातल्या गावात जाते का? तसे घडत नाही. ते आधी मोबाईल कंपनीच्या ‘गेटवे’ नावाच्या संगणकापर्यंत जाते आणि हा गेटवे बहुधा दूरच्या शहरात असतो. असे का, हे कळण्यासाठी थोडा इतिहास पाहू.

३१ जुलै १९९५ रोजी कोलकाता व दिल्ली यांच्यात भारतातील पहिले मोबाईल संभाषण झाले. पंधरा दिवसांनी, १५ ऑगस्टला, विदेश संचार निगमाने मुंबईसह मोठ्या शहरांत इंटरनेट सर्वांसाठी खुले केले. एकाच पंधरवड्यात आलेली ही दोन तंत्रे मात्र एकमेकांना अनोळखी होती. इंटरनेटच्या नियमांत संगणक एका जागी असतो असे गृहीत धरलेले होते. त्याच्या पत्त्यावरून तो कोणत्या जाळ्यात आहे हे ओळखले जाई. मोबाईल तर फिरता! नांदुऱ्याहून मलकापूरला एस.टी.ने जाताना तो एकामागून एक टॉवर बदलतो. दर वेळी पत्ताही बदलला, तर चालू काम तुटेल.

बदलीच्या गावी राहणारे शिक्षक यावर काय करतात? पत्रव्यवहाराला घरचाच पत्ता देतात. घरची माणसे आलेले पत्र न फोडता दुसऱ्या पाकिटात घालतात आणि त्यावर सध्याच्या गावाचा पत्ता लिहितात. १९९०च्या दशकाच्या अखेरीस युरोपात तयार झालेल्या ‘जीपीआरएस’ पद्धतीत हीच युक्ती आहे. फोनला पत्ता गेटवेकडून मिळतो, म्हणून बाहेरच्या जगाला फोन गेटवेपाशीच असल्याचे दिसते. आलेली माहिती गेटवे दुसऱ्या पाकिटात घालतो. त्या पाकिटावर एक क्रमांक असतो, त्यावरून ती कोणाची हे कळते. या पाकीटबंद वाटेला ‘बोगदा’ म्हणतात. फोन हलला की बोगद्याचे फोनकडील टोक सरकते. गेटवेकडील टोक जागचे हलत नाही.

या सोयीची किंमतही आहे. समजा, गेटवे मुंबईत, सुमारे ५०० किलोमीटरवर आहे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे जाण्यायेण्यास ५ मिलिसेकंद पुरतात. एवढा उशीर चित्राला जाणवत नाही. परंतु मधली तार तुटली आणि पर्यायी मार्ग नसला, तर टॉवर चालू असूनही शेजारच्या गल्लीपर्यंतसुद्धा चित्र पोचत नाही.

२००८ साली ठरलेल्या चौथ्या पिढीच्या मानकांत गेटवेचे काम दोघांत वाटले गेले: एक फोनच्या हालचाली सांभाळणारा, दुसरा इंटरनेटच्या तोंडाशी बसणारा. २०१७ साली ‘वाट ठरवणे’ आणि ‘माहिती वाहणे’ ही कामे वेगळी करण्याची सोय झाली. २०१८च्या पाचव्या पिढीच्या मानकांनी ती मूळ रचनेतच घेतली. त्यामुळे वाहणारा भाग जिल्ह्याच्या गावीही ठेवता येतो. तो कोठे ठेवायचा हे मात्र विज्ञान ठरवत नाही. ते खर्च पाहून माणसे ठरवतात. गावाच्या नकाशावर टॉवर दाखवताना त्याचा गेटवे कोठे असेल, हा प्रश्नही विद्यार्थ्यांनी विचारावा, असे आम्हाला वाटते.