अकरा ते पाच

बाहेरगावच्या माणसाला शाळेचे नाव सांगितले की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "पागा? म्हणजे घोड्यांची?" हो, घोड्यांचीच. हुजूर म्हणजे पेशवे. त्यांच्या खास घोड्यांची पागा जिथे होती, तिथे आपली शाळा उभी राहिली. सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्या नावावरून कागदोपत्री आपण 'एच. एच. सी. पी. हायस्कूल'. पण रिक्षावाल्याला कधी कोणी हे नाव सांगितल्याचे मला आठवत नाही. लक्ष्मी रोडवर उतरायचे तर 'हुजूरपागा' एवढेच पुरते.

स्मरणिकेसाठी शाळेच्या इतिहासावर लिही, असे मैत्रिणींनी सांगितले तेव्हा मी चाचरलेच. मी संगणक अभियंता, इतिहासाशी संबंध दहावीच्या पेपरापुरता. पण वाचायला लागले आणि एका साध्या गोष्टीपाशी अडकले. ती गोष्ट म्हणजे शाळेची वेळ.

१८८४ साली वामन आबाजी मोडक, न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे, डॉ. रा. गो. भांडारकर अशा मंडळींनी मुलींचे हायस्कूल काढले. मुलींच्या शाळा पुण्याला नव्या नव्हत्या. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी भिडेवाड्यात १८४८ सालीच शाळा सुरू केली होती. आपल्या फाटकापासून तो वाडा चालत जाण्याच्या अंतरावर. फुल्यांनी सर्व जातींच्या मुलींना हाक दिली होती. आपल्या शाळेत सुरुवातीच्या काळात आल्या त्या मुख्यतः पांढरपेशा, उच्चवर्णीय घरांतल्या मुली. गौरवाच्या भरात हे विसरू नये असे मला वाटते.

नवे होते ते 'हायस्कूल'. म्हणजे लिहिण्यावाचण्यापुरते शिकून थांबायचे नाही, इंग्रजीसह पुढे जायचे. गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यासमोर अशा शाळेची मागणी करणारे इंग्रजी निवेदन रमाबाई रानडे यांनी वाचले. त्याबद्दल घरातल्या वडीलधाऱ्या बायकांची किती बोलणी खावी लागली, हे त्यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे.

विरोध घरापुरता नव्हता. लोकमान्य टिळकांच्या 'मराठा' पत्राने शाळेच्या अभ्यासक्रमावर कडक टीका केली. आक्षेप इंग्रजीवर होता, तसाच अकरा ते पाच या वेळेवरही होता. मुलींना तीन तास पुरेत, सकाळी किंवा दुपारनंतर. बाकीचा वेळ घरकामाला हवा, असा तो युक्तिवाद. आज हसू येते. पण टीकाकारांना नेमके काय होते आहे ते कळले होते, असे मला वाटते. मुलगी काय शिकते यापेक्षा तिचा दिवस कोणाच्या मालकीचा, हा प्रश्न मोठा होता. अकरा ते पाच ती घरात नाही, म्हणजे तेवढा वेळ पाणी भरायला, धाकट्या भावंडाला घ्यायला तिला कोणी हाक मारू शकत नाही. शाळेने मुलींना पुस्तकांच्याही आधी दिला तो हा वेळ. आणि गंमत अशी, की बाजूने बोलणारे सुधारकही बहुधा सांगत, शिकलेली मुलगी चांगली पत्नी आणि चांगली आई होईल. तिला स्वतःला काय हवे, हे दोन्ही बाजूंनी फारसे विचारले नव्हते.

त्याचे उत्तर पुढे मुलींनीच दिले. ब्रह्मदेशात जन्मलेल्या इरावती कर्वे सातव्या वर्षी इथे शिकायला आल्या आणि पुढे बर्लिनहून डॉक्टरेट घेऊन परतल्या. त्यांच्या 'युगान्त'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. शांता शेळके इथल्याच. आपण दहावी झालो त्याच वर्षी, १९९६ मध्ये, आळंदीच्या साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष होत्या. बाईंनी ही नावे आपल्याला इतक्यांदा सांगितली, की त्या आपल्या वरच्या वर्गातल्या ताई वाटायच्या.

पण मैत्रिणींनो, इतिहास फक्त अशा नावांचा होत नाही. या मेळाव्यासाठी आलेले तुमचे माहितीचे फॉर्म मीच एकत्र केले. 'सध्या काय करता' हा रकाना पाहताना मला पुन्हा पुन्हा अकरा ते पाच आठवत होते. एकीने लिहिले आहे, 'काही नाही, घरीच.' एकीने सोडलेल्या नोकरीचे नाव लिहून पुढे कंसात 'होते' असे लिहिले आहे. बऱ्याच जणींनी रकाना कोराच ठेवला आहे. ही 'काही नाही' लिहिणारी मैत्रीण बीजगणितात माझ्यापुढे होती, हे तिच्या बाकावर बसणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. मुले, सासूबाईंचे आजारपण, नवऱ्याची बदली: तिचा दिवस कुठे गेला याचा हिशेब तिच्याकडे चोख आहे. फक्त तो मांडायला फॉर्ममध्ये जागा नाही. माझ्या कार्यालयातही संध्याकाळी पाचनंतर मीटिंग लागली की कोण घड्याळाकडे बघते, हे मी वीस वर्षे पाहते आहे.

एकशे चाळीस वर्षांपूर्वीचा तो वाद मिटलेला नाही. तो शाळेच्या फाटकातून निघून आपल्या घरी आला आहे. म्हणून संपादक मंडळाला मी एक सुचवले आणि त्यांनी ते मान्यही केले. कोरे रकाने आपण गाळणार नाही. तिथे प्रत्येकीने दोन ओळी लिहून पाठवाव्यात: मिळालेल्या वेळाचे काय केले आणि आता थोडा वेळ स्वतःचा मिळाला तर काय करायचे आहे. 'काही नाही' हे उत्तर स्वीकारले जाणार नाही. बाईसुद्धा ते कधी स्वीकारत नसत.