आंशिक विसर्जन : उच्चदाब निरोधनाची कसोटी

उच्चदाबाच्या यंत्रसामग्रीत निरोधक पदार्थाच्या एखाद्या लहानशा भागापुरतीच ठिणगी पडते व दोन विद्युतअग्रांमधील संपूर्ण अंतर ती ओलांडत नाही, तेव्हा तिला ‘आंशिक विसर्जन’ असे म्हणतात. अभियंत्यांच्या बोलण्यात मात्र ‘पार्शल डिस्चार्ज’ किंवा नुसते ‘पी.डी.’ हेच शब्द रुळले आहेत. या ठिणगीने वीजपुरवठा खंडित होत नाही, फ्यूज उडत नाही की मीटरचा काटाही हलत नाही. निरोधन मात्र आतून कुरतडले जात असते.

याचे मूळ बहुधा एखाद्या पोकळीत असते. इपॉक्सी ओतताना बुडबुडा राहतो, केबलच्या जोडावर काम करताना सुरीचा ओरखडा उठतो, कागदाच्या थरात तेल पुरते मुरत नाही. इपॉक्सीचा विद्युत अपारक स्थिरांक सुमारे ४ आहे, तर हवेचा १. त्यामुळे चपट्या पोकळीतील विद्युतक्षेत्र सभोवतालच्या घन पदार्थातील क्षेत्राच्या जवळजवळ चौपट होते. सर्वसाधारण अंतरात हवा मिलिमीटरला सुमारे ३ किलोव्होल्टवर हार मानते. सूक्ष्म फटीत ही मर्यादा बरीच वाढते, तरी घन निरोधकाच्या तुलनेत ती कमीच राहते. म्हणजे जिथे ताण सर्वाधिक, नेमकी तिथेच सहनशक्ती सर्वांत कमी. ठिणगी पडली की पोकळीवरील दाब कोसळतो, दाबाची लहर पुढे सरकली की तो पुन्हा साचतो आणि पुन्हा ठिणगी पडते. ५० हर्ट्झच्या पुरवठ्यात हे सेकंदाला शेकडो वेळा घडू शकते.

प्रत्येक ठिणगीबरोबर इलेक्ट्रॉनांचा मारा, अतिनील किरण, ओझोन आणि ओलाव्याच्या सान्निध्यात आम्ल असा परिणाम पोकळीच्या भिंतीवर होत राहतो. तेथे खड्डे पडतात आणि पुढे झाडाच्या फांद्यांसारखे बारीक मार्ग फुटू लागतात. त्यांना ‘विद्युतवृक्ष’ म्हणतात. एक्सएलपीई केबलमध्ये असा वृक्ष रुजला की केबलचे आयुष्य फार उरत नाही. अभ्रक मात्र चिवट असते. जनित्रांच्या वेटोळ्यांतील अभ्रकाचे निरोधन याहून कितीतरी मोठी विसर्जने वर्षानुवर्षे सोसते. म्हणूनच एका यंत्राचा आकडा दुसऱ्याला लावणे चूक ठरते.

मेगरने निरोधन-रोध मोजला तर हा दोष दिसत नाही, कारण मिलिमीटरच्या अंशाएवढ्या पोकळीने एकूण रोधात फरक पडत नाही. ठरावीक मिनिटे वाढीव दाब देऊन घेतलेली चाचणीही दोषी केबल सहज पार करते, आणि काही महिन्यांनी तोच जोड निकामी होतो. मुंबई बेटासारख्या भूमिगत केबलींवर विसंबलेल्या शहरात त्याचा अर्थ म्हणजे रस्ता खोदणे आणि तोवर एखाद्या वस्तीचा वा रुग्णालयाचा पुरवठा पर्यायी मार्गाने चालवणे.

आंशिक विसर्जनाच्या मापनाचे आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाचे मानक प्रथम १९६८ साली आले. २००० साली निघालेली त्याची तिसरी आवृत्ती ६०२७० या क्रमांकाने ओळखली जाते. चाचणीच्या वस्तूला समांतर एक संधारित्र जोडतात. ठिणगी पडताच या दोहोंमध्ये क्षणमात्र प्रवाह धावतो व तो मापक परिपथात टिपला जातो. पोकळीतील खरा विद्युतभार मोजता येत नाही. बाहेरच्या अग्रांवर उमटतो तो ‘भासमान भार’, आणि त्याचे एकक पिकोकुलोम. एक पिकोकुलोम म्हणजे सुमारे ६२ लाख इलेक्ट्रॉन! एवढीशी स्पंदने मोजायची तर आधी ज्ञात भाराचे स्पंदन सोडून उपकरणाचे अंशांकन करावे लागते आणि प्रयोगशाळेला धातूच्या भिंतींचे कवचही द्यावे लागते. अन्यथा वेल्डिंग, सैल जोडणी किंवा मध्यम लहरींवरील आकाशवाणी यांचेच आकडे हाती लागतात.

भाराच्या आकड्याइतकेच, किंबहुना अधिक महत्त्व दोन दाबांना आहे. दाब वाढवताना विसर्जन सुरू होते तो ‘प्रारंभ दाब’ आणि उतरवताना ते थांबते तो ‘विलोपन दाब’. ११ किलोव्होल्ट केबलच्या वाहकावर जमिनीच्या तुलनेत ६.३५ किलोव्होल्ट असतात. समजा, विसर्जन ९ किलोव्होल्टवर सुरू झाले. ते ७ वर थांबले, तर विजेच्या कडकडाटाने आलेली लाट ओसरताच ठिणगीही विझेल. ते ५ वर थांबत असेल, तर त्याच लाटेने पेटलेली ठिणगी नेहमीच्या दाबावरही धुमसत राहील. दोन्ही केबलींचा प्रारंभ दाब एकच, भवितव्य मात्र वेगळे.

स्पंदने दाबलहरीच्या कोणत्या कलेवर पडतात, हे मांडले की दोषाचा चेहरा दिसू लागतो. पोकळीतील स्पंदने दोन्ही अर्धलहरींच्या चढत्या भागात, जवळपास सममित दिसतात. उच्चदाबाच्या टोकावरील हवेतला कोरोना आरंभी ऋण शिखराजवळ गर्दी करतो. अणकुचीदार टोक जमिनीच्या बाजूला असेल तर ही गर्दी धन शिखराकडे सरकते. हे वाचन मुरलेल्या नजरेचे काम आहे. संगणक मदत करतो, पण एकत्र मिसळलेले दोष त्यालाही चकवतात.

केबलमध्ये दोषाची जागाही काढता येते. एक स्पंदन थेट मापकाकडे येते, दुसरे दूरच्या टोकावर आपटून परतते. एक्सएलपीई केबलमधील वेग मायक्रोसेकंदाला सुमारे १७० मीटर धरला आणि दोहोंत ४ मायक्रोसेकंदांचे अंतर आढळले, तर दोष दूरच्या टोकापासून ३४० मीटरवर आहे. रस्ता कुठे खणायचा, हे त्यावरून ठरते. सल्फर हेक्झाफ्लोराइड वायूच्या बंदिस्त उपकेंद्रांत ३०० मेगाहर्ट्झवरील लहरी टिपतात, तर रोहित्राच्या टाकीवर ध्वनिसंवेदक लावतात.

मोठ्या रोहित्रांसाठी २०१३च्या आंतरराष्ट्रीय मानकाने तासभराच्या चाचणीत २५० पिकोकुलोमची मर्यादा घातली. परंतु आकडा मर्यादेत असणे म्हणजे उरलेल्या आयुष्याची हमी नव्हे. २०० वर स्थिर राहिलेल्या रोहित्रापेक्षा दर वर्षी दुपटीने वाढणारे रोहित्र अधिक चिंतेचे. तेलात विरघळलेल्या हायड्रोजनचे प्रमाण त्याच सुमारास वाढत असेल, तर शंकेला बळ मिळते.

चंद्रपूर-पडघेसारख्या ५०० किलोव्होल्टच्या एकदिश पारेषणात मात्र ही कलेची चौकटच नाहीशी होते. तेथे पोकळी अत्यल्प गळतीप्रवाहाने पुन्हा भारित होते आणि दोन ठिणग्यांमध्ये सेकंद किंवा मिनिटेही जाऊ शकतात. म्हणून तेथे ठरावीक काळातील स्पंदने मोजतात आणि लागोपाठच्या दोन स्पंदनांतील कालावधीचा अभ्यास करतात.